बाळाआधी बारसं

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी रात्री मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सचिवांनी सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी टाकली. नाट्यसंगीत, पाककृती स्पर्धा, रक्तदान, स्मरणिका वगैरे नेहमीचं. सातव्या क्रमांकावर मात्र हे होतं: ‘श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावे एक लघुग्रह करून घेणे. अंदाजे खर्च रु. ५१,०००. देणगीदार मिळाल्यास त्यांचाही नामोल्लेख.’ सोबत एका वेबसाइटची लिंक. सकाळपर्यंत खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी अंगठा दिला नाही. दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटात मेथी निवडून घेत होते, तर आपल्यातलेच एक सभासद म्हणाले, “बाई, तुम्ही सायन्सवाल्या, सगळ्यांत आधी तुमचा अंगठा यायला हवा होता!” भाजीच्या टोपलीशी उभं राहून हे सगळं सांगता येईना, म्हणून पत्र लिहिते आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही. बडोद्यातल्या आणखी एक-दोन मंडळांत हेच घाटतंय असं कानावर आलं आहे, त्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते.

आधी कामाचं. लघुग्रहाचं, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या एखाद्या खडकाचं, नाव विकत मिळत नाही. ५१ हजारांत नाही आणि ५१ लाखांतही नाही. अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची एक समिती मंजूर करते आणि ती त्याचे पैसे घेत नाही. सचिवांनी पाठवलेली वेबसाइट तुम्हाला सोनेरी किनारीचा कागद देईल, त्यावर बारकोडही छापेल. पण जगातल्या कुठल्याही वेधशाळेच्या यादीत त्या कागदावरचं नाव चढणार नाही.

असला कागद मी जवळून पाहिला आहे. आमच्या वाड्यातल्या एका काकूंचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा परदेशातल्या नातवानं त्यांच्या नावाचा तारा भेट पाठवला. निळ्या मखमलीचा डबा, आत फ्रेम, फ्रेमीत ताऱ्याचे आकडे. काकूंनी होमाच्या धुरानं लाल झालेले डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चल गच्चीवर. दाखव माझा तारा.” दांडिया बाजारातली गच्ची ती. एका अंगाला सूरसागरातल्या महादेवावरचा झगमगाट, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी वरातीची रोषणाई. कागदावरचे आकडे मी मोबाइलमध्ये घालून पाहिले. तारा अकराव्या प्रतीचा निघाला. प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. अगदी काळ्याकुट्ट आकाशातही नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, आणि बडोद्याच्या मध्यवस्तीत तर तिसऱ्या-चौथ्या प्रतीलाच डोळे शिणतात. काकू माझा हात धरून उभ्या होत्या. मी खोटं बोलले. डोक्यावर अभिजित हा ठळक तारा चमकत होता, त्याच्याकडे बोट केलं. काकू दोन वर्षांनी गेल्या, त्या अभिजितला आपला तारा समजूनच गेल्या. मला ते अजून टोचतं. तेव्हा या वेळी तरी गप्प बसणार नाही.

तुम्ही विचाराल, मग पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे तो कसा? आहे, आणि तो कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. तो खडक ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या कॅटालिना स्काय सर्व्हे या शोधमोहिमेला सापडला. इस्पितळात नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पायाला ‘बेबी ऑफ अमुक’ अशी चिठ्ठी बांधतात ना, तशी चिठ्ठी त्यालाही बांधली गेली: २००६ व्हीपी३२. ही चिठ्ठी वाचता येते. वर्षाचे चोवीस पंधरवडे करायचे आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर द्यायचं. त्यातलं ‘आय’ वगळायचं, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं ‘पी’ आणि ३२ मिळून त्या पंधरवड्यातला क्रम होतो: पंचवीस-पंचवीस अक्षरांच्या बत्तीस फेऱ्या संपल्यावर पंधरावा, म्हणजे आठशे पंधरावा. एका पंधरवड्यात इतके! त्यानंतर वर्षानुवर्षं मोजमापं होत राहिली, कक्षा पक्की झाली, आणि मग ३००१२८ हा कायमचा क्रमांक मिळाला. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. ती शेवटून वाचा. २०१९ मध्ये नाव लागलं. सापडल्यापासून बारशापर्यंत तेरा वर्षं गेली आणि त्यात कुणी पावती फाडली नाही.

आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रह माहीत आहेत. त्यांतल्या आठ लाखांहून अधिकांना पक्का क्रमांक मिळाला आहे. नाव मात्र पंचवीस हजारांच्या आसपास खडकांनाच आहे. बाकीचे चिठ्ठीवर नाहीतर नुसत्या क्रमांकावर सूर्याभोवती फिरताहेत, त्यांचं काही अडलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. ते ५१ हजारांचं नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर शनिवारी दुपारी चार मुलं जमतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाले आणि दुपार रिकामी झाली, तेव्हा हा उद्योग सुरू केला. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन नावाचा एक उपक्रम आहे. टेक्सासमधल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक पॅट्रिक मिलर यांनी तो २००६ मध्ये सुरू केला. हवाई बेटांत हालेआकाला नावाचा तीन हजार मीटर उंचीचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे, त्याच्या माथ्यावर पॅन-स्टार्स ही दुर्बीण आहे, तिचा आरसा १.८ मीटरचा. तिनं काढलेली आकाशाची चित्रं जगभरच्या शाळांना आणि हौशी गटांना वाटून दिली जातात. फी नाही. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र असते. म्हणजे मुलं चहात बिस्किट बुडवत असतात त्या घटकेला तिकडे दुर्बीण उघडी असते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

काम असं. आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं घेतलेली चार चित्रं येतात. ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या प्रोग्रॅममध्ये ती घालायची आणि एकामागून एक झरझर दाखवत राहायची. आमची मुलं याला ‘लुकलुक लावणं’ म्हणतात. करड्या पडद्यावर हजारो काळे ठिपके दिसतात, ते तारे. ते जागचे हलत नाहीत. त्यांच्यात एखादाच ठिपका चार पावलं टाकतो. ती ‘मुंगी’. बाकी फसवे ठिपके असतात ती ‘भुतं’: कॅमेऱ्याचा एखादा बिघडलेला बिंदू, नाहीतर अवकाशातून आलेल्या एखाद्या कणानं मारलेला टिचका. मुंगी की भूत हे ठरवायला कसोट्या आहेत. चारही पावलं एका रेषेत हवीत, सारख्या अंतरावर हवीत, उजेड साधारण तेवढाच हवा. ठिपक्यावर टिचकी मारली की त्याचा आलेख उघडतो. खऱ्या वस्तूचा आलेख देवळातल्या घंटेसारखा गोलसर उतरता, भुताचा नुसता खिळा. पहिल्या महिन्यात मुलांनी धरलेल्या मुंग्यांपैकी बहुतेक भुतंच निघाली. त्यांना भुतं ओळखता यायला लागली तेव्हा मला खरं समाधान झालं. मुंगी सापडणं हा नशिबाचा भाग.

२०२३ सालची गोष्ट. नववीतली एक मुलगी एका हातानं लीलो चिवडा खात होती आणि तेलकट बोटं माउसला लावू नकोस म्हणून मी ओरडत होते. तिनं मान न वळवता सांगितलं, “बाई, मुंगी.” डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, एका जाडजूड ताऱ्याच्या अगदी कडेला. तिसऱ्या चित्रात ती त्या ताऱ्याला जवळजवळ चिकटली होती, म्हणून आधी कुणाच्या नजरेस आली नसावी. एकविसावी प्रत; डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही दहा लाख पट अंधूक. आलेख पाहिला, घंटा. माहीत असलेल्या लघुग्रहांची यादी त्या चित्रावर टाकून पाहिली. आजूबाजूच्या दोघांना चौकटी पडल्या, हिच्या मुंगीला पडली नाही. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मग तिनं मोजमापं घेतली: चार ओळी, प्रत्येक ओळीत वेळ, आकाशातलं स्थान आणि प्रत. आम्ही अहवाल पाठवला. काही आठवड्यांनी यादी आली, त्यात तिच्या ठिपक्यापुढे लिहिलं होतं ‘प्राथमिक’.

हा शब्द नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. प्राथमिक म्हणजे: तुम्ही काहीतरी पाहिलंत, नोंद घेतली. हाच खडक सात-दहा दिवसांत पुन्हा कुणीतरी टिपला पाहिजे. मग अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये लघुग्रहांचं जागतिक दप्तर सांभाळणारं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला ती पायाची चिठ्ठी बांधतं. त्यानंतर सूर्याभोवतीच्या पुढच्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वेध घेऊन कक्षा पक्की व्हायला आणि क्रमांक मिळायला साधारण सहा ते दहा वर्षं जातात. नाव सुचवण्याची पाळी त्यानंतर.

आणि आपण काय केलं? त्या वर्षी गणपतीत आरतीनंतर तिला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, मोत्याची माळ. अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की आपल्या कन्येनं शोधलेल्या ग्रहाला महाराजांचं नाव देण्यात येणार आहे. टाळ्या. मी तिसऱ्या रांगेतून हात वर केला होता. तो मोदकासाठी आहे असं समजून कुणीतरी मला द्रोण आणून दिला. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात आलं: ‘बडोद्याच्या मुलीने शोधला ग्रह’. लघुग्रहाचा ग्रह झाला, प्राथमिकचा पत्ताच नाही. तिच्या आईनं आख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. बाजारात तुरी, म्हणतात ते हेच.

ठिपक्याचं दुसरं दर्शन मुदतीत नोंदलं गेलं नाही. तो हरवला. या धंद्यात हे रोजचं आहे, कुणाचीच चूक नाही. पण दिवाळीनंतर वर्गातली मुलं तिला विचारायला लागली, “ए, तुझा ग्रह कुठाय? उडाला?” एका शिक्षकांनी भर वर्गात विचारलं. दोन महिने ती शनिवारी आली नाही. घरी गेले तर आतून सांगून पाठवलं, अभ्यास करतेय.

मंडळावर माझा राग आहे तो यासाठी. तिचा हेतू चांगला, काम चोख, नोंद बिनचूक. आणि तरी ती खोटी ठरली, कारण आपण बाळाआधी बारसं उरकून मोकळे झालो.

शेवटी जिन्यात गाठलं आणि तिथेच पायरीवर बसून तिला सेरेसची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण आपल्या यादीतल्या सातव्या क्रमांकाचं उत्तर तिच्यात आहे. १८०० साली जर्मनीत लिलिएनथाल या गावी काही खगोलशास्त्रज्ञ जमले. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एखादा ग्रह असावा असा अंदाज होता. एकट्यादुकट्याला एवढं आकाश धुंडाळणं शक्य नाही, म्हणून गणपतीच्या वर्गणीला कार्यकर्ते गल्ल्या वाटून घेतात तसे त्यांनी राशिचक्राचे चोवीस भाग करून चोवीस जणांना वाटायचं ठरवलं. लोक त्यांना आकाशातले पोलीस म्हणायचे. आज पॅन-स्टार्स आणि शाळा मिळून जे करतात त्याची मुळं तिथे आहेत. सिसिलीतल्या पालेर्मोचा पियाझी त्यांच्या यादीत होता, पण आमंत्रण त्याच्या हाती पडायच्या आधीच, १ जानेवारी १८०१ च्या रात्री, त्याला सेरेस सापडला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्यानं वेध घेतले, मग आजारी पडला, आणि तोवर ती वस्तू सूर्याच्या उजेडात शिरली. हरवली! पहिला लघुग्रहसुद्धा सापडल्यावर हरवला होता. चोवीस वर्षांच्या गाऊस या गणितज्ञानं त्या मोजक्या वेधांवरून कक्षेचं गणित मांडलं, आणि त्या गणिताच्या आधारे ३१ डिसेंबरला त्या आकाशातल्या पोलिसांपैकीच झाखनं तो पुन्हा पकडला.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, “त्याला गाऊस मिळाला. मला व्हॉट्सअॅप.”

पुढच्या शनिवारी आली मात्र.

या गोष्टीचं एक शेपूट मी तिला सांगितलं नव्हतं, ते तुमच्यासाठी राखून ठेवलं. पियाझीनं नाव ठेवलं होतं ‘सेरेस फर्डिनांडिया’. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता, आणि फर्डिनांड हा तिथला राजा, पियाझीचा आश्रयदाता. इतर देशांतल्या लोकांनी देवी ठेवली आणि राजा गाळला. आपल्या राजाचं नाव आकाशावर लावायची हौस दोनशे वर्षं जुनी आहे, आणि ती पहिल्याच खेपेला फसली आहे.

सध्याचे नियमही तेच सांगतात. ज्याची ओळख मुख्यतः राजकारणातली किंवा लष्करातली, त्याचं नाव मृत्यूला शंभर वर्षं झाल्याखेरीज लघुग्रहाला देता येत नाही. महाराज आपल्याला कितीही शिक्षणाचे, ग्रंथालयांचे, कलांचे वाटले तरी ते राज्यकर्ते होते, समिती त्यांना त्याच रांगेत बसवील असं मी धरून चालते. ते गेले ६ फेब्रुवारी १९३९ रोजी. म्हणजे २०३९ उजाडायला हवं. शिवाय नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत आणि शक्यतो एका शब्दाचं हवं. ‘श्रीमंत महाराजा’ वगैरे सगळं गळून नुसतं ‘सयाजीराव’ उरेल, रोमनमध्ये नऊ अक्षरं. धंद्याची जाहिरात होईल असं नाव चालत नाही, त्यामुळे देणगीदारांच्या नामोल्लेखाचंही विसरा. पाळीव प्राण्यांची नावंही नकोत असं सांगतात. एका खगोलशास्त्रज्ञानं आपल्या मांजरावरून लघुग्रहाचं नाव ‘मिस्टर स्पॉक’ ठेवलं होतं, तेव्हापासून समिती सावध झाली आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: नाव सुचवायचा पहिला हक्क ज्यानं शोधलं त्याचा. मंडळाचा नव्हे, माझाही नव्हे. ती मुलगी उद्या म्हणाली की मला आजीचं नाव द्यायचंय, तर तिच्या आजीचं.

नावाचीच हौस असेल तर शंभर वर्षं न थांबताही बडोद्यात नावं पुष्कळ आहेत. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ इथल्याच दरबाराचे. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी बडोद्यातच भरवली. जसराजांच्या शेजारी ही दोघं कुठेही कमी दिसणार नाहीत. पण खडक आधी हवा!

खडक भारतातून सापडत नाहीत असंही नाही. नॉर्मन पॉगसननं १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून एक शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचं नावच ‘एशिया’. पुढे एक शतक सरल्यावर तमिळनाडूतल्या कावलूरहून राजामोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक टिपला, त्याला श्रीनिवास रामानुजनचं नाव लाभलं. दोन्हींमागे रात्रीमागून रात्री त्याच तुकड्याकडे पाहत बसलेली माणसं होती.

खजिनदार हिशेबी आहेत, ते विचारतील की हे सगळं आता यंत्रंच करणार असतील तर मुलांना कशाला बसवायचं? प्रश्न रास्त आहे. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह हाती लागले होते. आमच्या चार मुलांना आख्ख्या वर्षात एक ठिपका, तोही हरवलेला. पुढच्या काही वर्षांत नवी मुंगी सापडणं अवघड होत जाणार, हे मी मुलांपासून लपवलेलं नाही. पण सापडलेल्यांना पुन्हा पुन्हा मोजायचं काम उरतंच. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला २०२४ वायआर४ आठवतो? तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, तेव्हा आपल्या ग्रुपवर शेवटची पुरणपोळी खाऊन घ्या म्हणून विनोद फिरत होते. त्याच महिन्यात आणखी मोजमापं आली आणि ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. लोणारचं तळं पाहून आलेल्या माणसाला या मोजण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शिवाय ज्या मुलानं एकदा मुंगी आणि भूत वेगळं केलं, तो अशा सोनेरी किनारीच्या वेबसाइटला ५१ हजार देणार नाही. खजिनदारसाहेब, हा फायदा तुमच्या वहीत कुठल्या खात्याला मांडायचा ते तुम्ही बघा.

महाराजांबद्दल एक. सक्तीचं मोफत शिक्षण त्यांनी एकदम जाहीर केलं नाही. १८९३ मध्ये अमरेलीकडे करून पाहिलं, आणि मग १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं. स्वतःच्या नावाच्या बाबतीतही तसंच. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बारा वर्षांचा असताना दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्या नावाला वजन आलं ते नंतरच्या त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांत.

तेव्हा माझं म्हणणं असं. सातवा क्रमांक यादीतून काढा, आणि काढला हे ग्रुपवर लिहा, म्हणजे वेबसाइटवाल्यांना आगाऊ रक्कम जाणार नाही. त्या ५१ हजारांत दोन जुने पण धडधाकट विंडोजचे संगणक आणि वर्षभराचं इंटरनेट सहज बसतं. या कामाला याहून भारी काही लागत नाही. मंडळाचा वरचा हॉल शनिवारी चार ते सात रिकामाच असतो, महिन्यातली एक भिशी सोडली तर. आमच्या जेवणाच्या टेबलावर चारच मुलं मावतात. हॉलमध्ये बारा बसतील. गुजराती मुलंही येतील, येऊ द्यावीत, मुंगी दिसली की आमच्याकडचा एक मुलगा आताच “कीडी!” म्हणून ओरडतो. शाल-श्रीफळ नको. स्टेजवर कुणाला बोलवायचं झालं तर दुसरी नोंद झाल्यावर, आणि तेव्हाही माइक त्या मुलाच्याच हाती द्या. आणि त्या मुलीला, ती आता बारावीत आहे, अध्यक्षांनी एकदा घरी जाऊन सांगावं की गणपतीत आमचं बोलणं चुकलं होतं. तिच्या आईसमोर सांगावं.

हिशेबही करून ठेवला आहे. समजा यंदा, २०२६ मध्ये, आपल्या हॉलमधल्या कुणाला तरी मुंगी सापडली आणि ती हरवली नाही. क्रमांक मिळेल २०३२ ते २०३६ च्या दरम्यान. क्रमांक मिळाल्यापासून नाव सुचवायला शोधणाऱ्याच्या हाती दहा वर्षं असतात. महाराजांची शंभर वर्षं ६ फेब्रुवारी २०३९ ला पुरी होतात, म्हणजे मुदतीच्या आतच. शोधणाऱ्या पोराच्या मनात तेव्हा तेच नाव आलं, तर नियमाची आडकाठी राहणार नाही. मंडळ तेव्हा त्रेसष्ट वर्षांचं असेल. मी कुठे असेन ते सोडा.

हॉलच्या चाव्या खजिनदारांकडे असतात की वॉचमनकडे, तेवढं कळवावं. पुढची मोहीम सुरू व्हायच्या आधी आठवडाभर संगणकांवर प्रोग्रॅम टाकून पाहावे लागतील.

आपली,
एक आजीव सभासद
दांडिया बाजार, बडोदा

ता. क. पैसे उरले तर हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावून घ्या. पाचनंतर ऊन थेट आत येतं, पडद्यावरचा ठिपका दिसत नाही.